दरडोई उत्पन्न वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

मार्च महिन्यात अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल विधिमंडळात मांडला जातो. दुसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्हा पानावर चौकट येते: आपला जिल्हा दरडोई उत्पन्नात कितवा, गेल्या वर्षी कितवा होता, शेजारचा पुढे गेला का. २०२४-२५च्या पाहणीत राज्याचं दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार रुपयांच्या घरात जाईल असा अंदाज होता. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर ती बातमी वाचून एका रिक्षावाल्या काकांनी तिथल्या तिथे गुणाकार केला. "घरात आम्ही पाच माणसं. म्हणजे पंधरा लाख पंचेचाळीस हजार." मग चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "माझे कोण घेऊन गेलं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण काकांचा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात विचारावा इतका नेमका आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर जिल्ह्याची भरभराट मोजतात कशी, इथपासून सुरुवात करावी लागते.

आचाऱ्याची वही

एका वर्षात जिल्ह्याच्या हद्दीत जे काही पिकलं, बनलं, विकलं, जी सेवा पैसे घेऊन दिली गेली, त्या सगळ्याची किंमत म्हणजे स्थूल जिल्हा उत्पन्न. एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून कच्च्या मालाची किंमत वजा करतात. कारखान्याने साखर विकली तर त्यातून उसाचे पैसे काढायचे, कारण ऊस शेतीच्या खात्यात आधीच धरलेला असतो. यंत्रांची झीजही वजा केली आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागलं की दरडोई उत्पन्न मिळतं.

काकांचे पैसे इथेच सापडतात. या आकड्यात पगार-मजुरी असते, तशी कंपन्यांचा नफा, व्याज, भाडं हेही असतं. मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असलेल्या कंपनीचा जिल्ह्यातला नफासुद्धा त्यात धरला जातो. तो काकांच्या खिशात यायचा प्रश्नच नव्हता. भागाकार फक्त कागदावर झाला.

लग्नातल्या आचाऱ्याला जेवणाचा हिशेब विचारा. तांदूळ किती, डाळ किती, जिलबीला मैदा किती, सगळं तो घडाघडा सांगेल. पण कुणाच्या पानात तीनदा जिलबी पडली, आणि मांडवाच्या टोकाला बसलेल्यांपर्यंत वाढपी पोचलाच की नाही, हे त्याच्या वहीत नसतं. याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच असा नेमका शब्द आहे. आचाऱ्याची वही खोटी नसते. ती भटारखान्याची वही असते, एवढंच.

ज्याने ही वही आधुनिक रूपात मांडली, त्या सायमन कुझनेट्सने १९३४ मध्ये अमेरिकी संसदेला दिलेल्या अहवालातच बजावलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणं कठीण आहे. नव्वद वर्षं झाली. चौकट अजून छापून येतेच.

रुपया जिथे जन्मला, तिथला

देशाचं उत्पन्न मोजणं त्या मानाने सोपं, कारण देशाला सीमा असते आणि तिथे जकात असते. जिल्ह्याला तसलं काही नसतं. माणसं, वीज, कोळसा, पैसा सगळं आरपार जातं. त्यामुळे जिल्ह्यापुरता एक साधा नियम पाळतात: उत्पादन जिथे झालं तिथलं ते उत्पन्न, कमावणारा कुठलाही असो. शिवाय रेल्वे, बँका, दळणवळण अशा क्षेत्रांचा हिशेब जिल्हावार सुटा करता येत नाही. तिथे राज्याचा आकडा घेऊन कामगारांची संख्या वगैरे निकषांवर तो जिल्ह्यांमध्ये वाटून देतात. म्हणजे आपण ज्यावर भांडतो तो जिल्ह्याचा आकडा काही प्रमाणात वाटपाचा असतो.

नियम हिशेबाला सोयीचा आहे. पण त्याने काय होतं ते तीन जिल्ह्यांत पाहा.

रत्नागिरी. संगमेश्वर तालुक्यात माझी आत्या राहायची. तिच्या वाडीत दर दुसऱ्या घरातला कर्ता पुरुष मुंबईत, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन आला की वाडीत हालचाल व्हायची. कोकण मनीऑर्डरवर चालतं हे आपण ऐकलेलंच असतं. हिशेबात मात्र तो चाकरमानी गिरणीत किंवा गोदीत जे कमावत होता ते मुंबईच्या खात्यात. वाडीतल्या चुलीवरचा भात त्या पैशांनी शिजत असला तरी जिल्ह्याच्या उत्पन्नात ती मनीऑर्डर नव्हती. आज मनीऑर्डरची जागा मोबाइलने घेतली आहे, हिशेब तोच आहे. इथे आकडा जिल्ह्याला आहे त्यापेक्षा गरीब दाखवतो.

चंद्रपूरचं उलटं. २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. शेजारच्या गडचिरोलीपेक्षा आकडा बराच वर. वीज तारांवरून राज्यभर जाते, सिमेंट ट्रकने जातं. राहते ती राख. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले. ७०च्या वर गेलं की अतिप्रदूषित. देशात चौथा क्रमांक. खोकल्याचं औषध विकलं गेलं तर ते औषधाच्या दुकानाचं उत्पन्न म्हणून आकड्यात मिळवलं जातं. खोकला वजा होत नाही.

आणि बीड. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोन माणसं, एक कोयता, हिशेब एकच. ऊस जिथे तोडला तिथलं ते उत्पन्न, म्हणजे बीडच्या माणसांचे सहा महिन्यांचे कष्ट दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावावर. पण भागाकाराच्या वेळी ही माणसं बीडचीच. वरच्या आकड्यात नाहीत, खालच्या आकड्यात आहेत.

जे दिसतच नाही आणि जे उलटं दिसतं

बीडचीच गोष्ट थोडी पुढे नेतो, कारण उत्पन्नाच्या मापाची अडचण यापेक्षा स्पष्टपणे मला कुठे दिसलेली नाही. ऊसतोडीत एक दिवस काम चुकलं तर खाडा धरतात, दंड बसतो. पाळी, गरोदरपण, अंगावरचं दुखणं, काहीही असलं तरी खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, अनेकींचं पस्तिशी-चाळिशीच्या आत.

आता हे जिल्हा उत्पन्नात कसं दिसतं? खासगी दवाखान्याचं ऑपरेशनचं बिल ही सेवा आहे. ती बीडमध्ये दिली गेली. म्हणजे तेवढ्याने जिल्ह्याचं उत्पन्न वाढलं. बिल भरायला जी उचल घेतली त्यावर व्याज आकारलं गेलं असेल, तर तेही कुणाचं तरी उत्पन्नच. त्या बाईची कंबर पुढची वीस वर्षं दुखणार आहे, त्याला रकाना नाही.

दुसरं टोक घरकामाचं. २०१९च्या केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. हे पाच तास उत्पन्नात शून्य. तीच बाई शेजारणीकडे पोळ्या लाटायला गेली आणि शेजारीण तिच्याकडे आली, दोघींनी एकमेकींना पैसे दिले, की लगेच राज्याचं उत्पन्न वाढलं. पोळ्या तेवढ्याच.

दारूचंही तसंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी चालते की नाही, चोरटी दारू किती येते, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. मात्र उत्पन्नाच्या वहीत बंदी म्हणजे नुसती घट आणि दुकान उघडणं म्हणजे वाढ. दारूपायी घरात काय चाललं आहे, हे ती वही विचारत नाही.

मग माणूस मोजायचा कसा?

पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी हा प्रश्न हट्टाने धसास लावला. अमर्त्य सेन त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. एका आकड्यात माणसाचं जगणं कोंबण्याला सेन यांचा सुरुवातीला विरोध होता. हक यांचं म्हणणं व्यवहारी होतं: उत्पन्नाच्या एका आकड्याला हरवायचं तर दुसरा एकच आकडा हवा, तक्ते कुणी वाचत नाही. त्यातून १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल काढला आणि मानव विकास निर्देशांक जन्माला आला.

त्यात तीनच गोष्टी आहेत. माणूस किती जगतो, किती शिकतो, आणि बऱ्यापैकी राहण्याइतकं उत्पन्न आहे का. प्रत्येकीला शून्य ते एक गुण. म्हणजे उत्पन्न बाहेर काढलेलं नाही, तीन भावंडांतलं एक केलं आहे.

दोन बारकावे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एक, उत्पन्न सरळ मोजत नाहीत, दाबून मोजतात. महिना दहा हजार कमावणाऱ्याला पाच हजारांची वाढ मिळाली तर घरात दूध वाढतं, मुलाची शिकवणी सुरू होते. दोन लाख पगारवाल्याच्या लक्षातही येत नाही. निर्देशांकाचं सूत्र हा फरक पाळतं: वरच्या पायरीवरच्या रुपयाला कमी वजन.

दोन, २०१० पासून तीन गुणांची बेरीज करून तीनाने भागत नाहीत, त्यांचा गुणाकार करून घनमूळ काढतात. आरोग्य ०.९, शिक्षण ०.९, उत्पन्न ०.३ असेल तर साधी सरासरी ०.७ येते. गुणाकाराच्या पद्धतीने ०.६२च्या आसपास. तिन्ही ठिकाणी ०.७ असणाऱ्याला मात्र दोन्ही पद्धतींत ०.७च. थोडक्यात, गणितात शंभर पडले म्हणून मराठीतली नापासी झाकली जात नाही.

महाराष्ट्राने आपला पहिला मानव विकास अहवाल २००२ मध्ये काढला, दुसरा २०१२चा. जिल्हा पातळीवर आयुर्मान मोजणं अवघड, म्हणून बालमृत्यूदरासारखी मापं हाताशी धरली. दुसऱ्या अहवालात मुंबई ०.८४१, गडचिरोली ०.६०८, नंदुरबार ०.६०४. एकाच राज्यातली ही अंतरं आहेत.

बेचाळीस मार्कांचा पेपर

निर्देशांकातही सरासरी आहेच. जिल्ह्याचा आकडा सुधारला तरी अमुक एका घराचं काय चाललं आहे ते कळत नाही. बहुआयामी गरिबी निर्देशांक मात्र थेट घरात शिरतो. नीती आयोगाने भारतापुरतं त्याचं रूप २०२१ मध्ये आणलं. पाहणी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, घरटी प्रश्न बारा.

वजनं अपूर्णांकात आहेत, म्हणून मी ती बेचाळीस मार्कांच्या पेपरात बसवून घेतो. इथे मार्क मिळणं वाईट. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान, प्रत्येकी १४ मार्क. घरात कुपोषित माणूस असेल तर ७. मूल किंवा किशोरवयीन दगावलं असेल तर साडेतीन, बाळंतपणात नीट काळजी घेतली गेली नसेल तर साडेतीन. दहा वर्षांवरचं एकही माणूस सहा इयत्ता शिकलेलं नसेल तर ७, शाळेच्या वयाचं मूल शाळेत जात नसेल तर ७. मग इंधन, संडास, पाणी, वीज, घर, चीजवस्तू आणि बँक खातं, प्रत्येकी २. चौदा किंवा त्यावर मार्क पडले की ते घर बहुआयामी गरीब.

एक घर डोळ्यांसमोर आणा. नंदुरबारच्या सातपुड्यात असेल, मेळघाटात असेल. मूल कुपोषित: ७. उज्ज्वलाचा सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे, पण भरून आणायला पैसे नाहीत, स्वयंपाक लाकडावर: २. संडास नाही: २. भिंती कुडाच्या: २. बेरीज १३. हे घर गरीब नाही. आता घरातली जुनी मोटारसायकल विकली आणि एक मोबाइल तेवढा उरला, की चीजवस्तूंचे २ मार्क वाढून १५. आता गरीब.

कुठेतरी रेघ ओढावी लागतेच, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना असलेली घरं सारखीच दिसतात. पण या पद्धतीचा फायदा मला मोठा वाटतो: गरीब कोण यासोबत कशामुळे गरीब हेही हातात येतं. तहसीलदाराला संडास बांधायचे की आशाताईंची संख्या वाढवायची, हे दरडोई उत्पन्न कधीच सांगणार नाही.

२०१५-१६च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात १४.८ टक्के लोक या अर्थाने गरीब होते. २०१९-२१च्या पाहणीत ७.८१ टक्के. चांगली घट आहे. पण २०१५-१६चाच नंदुरबारचा आकडा पाहिला तर तिथे निम्म्याहून अधिक माणसं गरीब होती. राज्याची सरासरी चौदा-पंधरा, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बावन्न.

आपण हे आधीच करून पाहिलं होतं

भूतानच्या राजाने उत्पन्नाऐवजी आनंद मोजायचं ठरवलं, हे हल्ली शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. महाराष्ट्राने १९८४ मध्ये काय केलं, हे स्पर्धा परीक्षावाले सोडले तर फारसं कुणाला ठाऊक नाही.

विदर्भ-मराठवाड्यावर अन्याय होतो, ही तक्रार राज्याइतकीच जुनी. १९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने दरडोई उत्पन्नाची यादी लावून निकाल दिला नाही. जिल्ह्यात रस्ता किती किलोमीटर, ओलिताखाली जमीन किती, वीज किती गावांत, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी, असं क्षेत्र-क्षेत्र घेऊन राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिलं. सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्याला तिथपर्यंत आणायला जो खर्च येईल तो त्याचा अनुशेष. सगळ्याची बेरीज सुमारे ३,१८७ कोटी रुपये. पुढच्या समितीने १९९४ची स्थिती धरून मोजलं तेव्हा ती १४ हजार कोटींवर गेली.

अनुशेष हा शब्द मग मराठी राजकारणाला असा चिकटला की अजून सुटला नाही. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली, निधीवाटपाचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मधल्या काळात याच प्रादेशिक असमतोलावर विजय केळकर समितीचाही अहवाल आला, त्यावर चर्चा झाली, धूळ बसली.

दांडेकरांच्या मापाची ताकद म्हणजे ते पैशाशी जोडलेलं होतं. कमी भरलात तर निधी. उणीव अशी की ते वस्तू मोजत होतं: दवाखाना आहे का. डॉक्टर येतो का, हा पुढचा प्रश्न त्यात नव्हता. कालवा खणला, पाणी आलंच नाही, तरी कागदावर अनुशेष भरून निघाला. माझ्या मते तरीही तो आपल्या राज्यातला सर्वांत प्रामाणिक मोजणीचा प्रयत्न होता, कारण त्यात सरकारने स्वतःच्या उणिवेला स्वतः किंमत लावली.

"पैसा आला की बाकीचं येतंच की"

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. श्रीमंत प्रदेशात साधारणपणे माणसं जास्त जगतात. पैशाशिवाय शाळा चालत नाहीत.

अडचण "आपोआप" या शब्दात आहे. जुना ठाणे जिल्हा आठवा, २०१४ मध्ये पालघर वेगळा होण्याआधीचा. कारखाने, उपनगरं, बंदराजवळची गोदामं. दरडोई उत्पन्नात राज्यात वरच्या ओळीत. त्याच जिल्ह्यात जव्हार, मोखाडा. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुलं दगावली आणि राज्य हादरलं. मुंबईपासून एका दिवसात जाऊन येता येईल असं ते अंतर. जिल्ह्याचा आकडा मात्र उत्तमच होता.

शहापूर तालुका तर मुंबईची तहान भागवतो. भातसा, तानसा ही धरणं तिथली. आणि एप्रिल-मे आला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण कुणी शहापूरसाठी रचली नसेल, पण इतकी अक्षरशः खरी ठरलेली म्हण दुसरी आठवत नाही. टँकरवाल्याचं भाडंही उत्पन्नात मिळवलं जातं, हे आता सांगायला नको.

गडचिरोलीकडे येत्या काही वर्षांत नीट पाहा. सुरजागडच्या लोहखनिजाचं उत्खनन जोरात आहे, पोलादाचे कारखाने येत आहेत, आणि माझा अंदाज आहे की दरडोई उत्पन्नात हा जिल्हा भराभर वर चढेल. एटापल्लीच्या पोरांना त्यात पक्क्या नोकऱ्या मिळतील का, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला पावसाळ्यात रस्ता असेल का, हे त्या चढत्या रेषेत दिसणार नाही. ते वेगळं मोजावं लागेल. रस्ता झाला, नोकऱ्या मिळाल्या तर आनंदच.

"कशाला किती वजन, हे ठरवणारे तुम्ही कोण?"

खरा आक्षेप हा. संडासाला दोन मार्क आणि शाळेला सात, हे कुणी ठरवलं? तज्ज्ञांनी, बंद खोलीत. वजनं बदला, क्रमवारी बदलते.

मान्य. पण उत्पन्नाच्या मापातही वजनं आहेतच, फक्त ती बाजारभाव लावतो. तिथे घरकामाचं वजन शून्य, जंगलाच्या सावलीचं शून्य, आणि कापलेल्या सागाचं भरपूर. गडचिरोलीचा सुमारे सत्तर टक्के भाग वनाच्छादित आहे. उभं जंगल वहीत जवळपास नाही, आडवं पडलं की आलं. निर्देशांकाची वजनं निदान छापलेली असतात, त्यावर भांडता येतं.

"आकडे फुगवता येतात"

येतात. मोजणीवर बक्षीस लावलं की मोजणी बिघडते, हा अनुभव कुठल्याही मास्तरला विचारा. केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांची योजना आणली, महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. ४९ निकषांवर सतत क्रमवारी. त्याने जिल्हाधिकाऱ्यांचं लक्ष लसीकरण आणि शाळांकडे वळलं, हे चांगलंच. पण संडास बांधून झाल्याचा फोटो चढवला जातो, आणि सहा महिन्यांनी त्यात जळणाची लाकडं रचलेली दिसतात. मी स्वतः पाहिली आहेत, वर पत्रा असल्यामुळे कोरडी राहतात म्हणून.

फुगवलेल्या आकड्यापेक्षाही जुना आकडा जास्त घातक. शेवटची जनगणना २०११ची. आपण ज्या साक्षरतेवर, स्थलांतरावर बोलतो ते चित्र दशकाहून जुनं.

शिवाय आकडा खरा असून वाचणारा चुकू शकतो. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यात सर्वाधिक. स्त्री-पुरुष समानतेचा आदर्श जिल्हा? नाही हो. पुरुष मुंबईला गेलेले. आत्याच्या वाडीत दुपारी गेलं तर बाया, म्हातारे आणि कुत्री, एवढंच दिसायचं. उलट बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. हे मानव विकास निर्देशांकात येत नाही. जी जन्मालाच आली नाही तिचा शाळेच्या हजेरीवर परिणाम होत नाही.

म्हणून एकच आकडा हातात घेऊन जिल्ह्याचं भविष्य सांगणाऱ्यावर, मग तो दरडोईवाला असो की निर्देशांकवाला, मी फारसा विश्वास ठेवत नाही. डॉक्टर नाडी बघतो, जीभ बघतो, मग रक्त तपासायला सांगतो. जिल्ह्यालाही दोन-तीन आकडे शेजारी ठेवून विचारावं लागतं: उत्पन्न वर आणि बालमृत्यूही वर, हे कसं? उत्पन्न खाली पण मुली बारावीपर्यंत टिकल्या आहेत, हे कुणी केलं?

निळी बस

अशा मोजणीतून हाती काय लागतं, याचं एक उदाहरण मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात रस्त्यावर धावताना दिसतं. २००२च्या अहवालातले मागास तालुके पुढे आल्यावर राज्याने २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू केलं, पुढे ते १२५ तालुक्यांपर्यंत नेलं. मिशनने शोधलं की आठवी-दहावीनंतर मुलींची शाळा सुटते ती बऱ्याचदा अंतरामुळे. गावात शाळा दहावीपर्यंत नाही, आणि एकटीला पाठवायला घरचे तयार नाहीत. म्हणून एसटी महामंडळामार्फत मुलींसाठी बसगाड्या दिल्या, लाल नव्हे, निळ्या. फाट्यावर सकाळी दोन वेण्या घातलेल्या पोरींचा घोळका, पाठीला दप्तर, हातात डबा. बस आली की पुढच्या सीटसाठी धावाधाव. काही ठिकाणी गाडी वेळेवर येत नाही, बंद पडते, फेरी रद्द होते, मग त्या दिवशी शाळा बुडते.

जिल्हा उत्पन्नात ही बस डिझेल, टायर आणि ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार एवढीच दिसते. मुलगी बारावी झाली, हे मानव विकासाच्या रकान्यात थोडं दिसेल. बहुआयामी गरिबीच्या पेपरात, तिच्या घरात सहा इयत्ता शिकलेली तीच पहिली असेल तर एकदम सात मार्क कमी.

आणि ती पुढे नर्सिंग करून पुण्याला नोकरीला लागली, दर महिन्याला आईच्या खात्यात पाच हजार टाकू लागली, तर तिचा पगार पुणे जिल्ह्याच्या उत्पन्नात धरला जाईल.